कॅसेट फुंकायच्या आधी हे वाचा: जुने टीव्ही गेम परत खेळायची पूर्ण पद्धत

दिवाळीच्या साफसफाईला माळ्यावर चढलो होतो, बायको खालनं "द्या की टाकून भंगारवाल्याला सगळं" म्हणत होती, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला आमचा टीव्ही गेम हाताला लागला. आमचं घर सांगलीत गावभागात. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतलं कपाट, गाद्या, दादाची पुस्तकं सगळं गेलं, हा मात्र माळ्यावर असल्यामुळं वाचला. दोन रिमोट, एक नारिंगी बंदूक, सहा कॅसेटी. अडाप्टर गायब.

तर हा लेख त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मी जे जे करून बघितलं त्याचा आहे, पैसे कुठं घालवले, कुठं वाचले, सगळं सांगतो. कारण बऱ्याच जणांचं सेम होतं बघा, एखाद्या रात्री आठवण येते, मोबाइलवर मारिओ टाकतो, दोन मिनिटं खेळतो आणि "आता वय झालं राव, पूर्वीची मजा नाही" म्हणून डिलीट मारतो. मीपण तेच केलं होतं. वयाचा संबंध आहे, नाही असं नाही, पण अर्ध्याहून जास्त दोष सेटिंगचा असतो हे मला नंतर कळलं.

आधी ठरवा, नक्की कुठला गेम आठवतोय

हे फालतू वाटेल पण इथंच लोक अडकतात, कारण आपल्याला गेमची खरी नावं माहितीच नव्हती. आम्ही ज्याला "टँक" म्हणायचो तो नामकोचा बॅटल सिटी, १९८५ चा. कुऱ्हाडी फेकत, फळं खात पळणारा टोपीवाला पोरगा म्हणजे अ‍ॅडव्हेंचर आयलंड, १९८६ चा. पेट्रोल संपत जाणारी लाल गाडी म्हणजे रोड फायटर. सिंहावर बसून आगीच्या रिंगणातनं उडी मारायची तो सर्कस चार्ली. ही नावं कळली की पुढं शोधायला सोपं जातं.

आणि "मुस्तफा" शोधत असाल तर तो टीव्ही गेमवर कधीच नव्हता, ती पार्लरमधली मशीन, कॉइन टाकून खेळायची. त्याचं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमनं १९९३ ला काढलेला. मुस्तफा त्यातल्या चार हिरोंपैकी एक, पिवळ्या टोपीवाला, आणि अख्ख्या भारतानं गेमलाच त्याचं नाव देऊन टाकलं. पार्लरचा आणि टीव्हीचा गेम वेगळ्या मशीनचे असल्यामुळं त्यांना सॉफ्टवेअरपण वेगळं लागतं, म्हणून आधी यादी करा. मी पाच गेम लिहिले, त्यातला एक अजून सापडला नाही. लाल गाढव होतं त्यात, एवढंच आठवतंय.

जुनी मशीन घरात असेल तर

आपल्याकडं जे घरोघरी होतं ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होतं. ओरिजिनल फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ ला आला, त्याची कॅसेट ६० पिनांची, आणि आपल्याकडच्या कॅसेटीपण ६० पिनांच्याच. अमेरिकेत जो मॉडेल गेला, एनईएस म्हणतात त्याला, त्याची ७२ पिनांची, त्यामुळं ऑनलाइन कुणी "ओरिजिनल अमेरिकन कॅसेट" विकत असेल तर घेऊ नका, आपल्या मशीनमध्ये बसायचीच नाही.

आता अडाप्टर. इथं मी माती खाल्ली म्हणून नीट सांगतो. घरात वायफायच्या राउटरचा जुना अडाप्टर पडला होता, पिन बरोबर बसली, म्हटलं चला, लावला. लाल लाइट लागली नाही, दहा सेकंदात जळका वास आला. झालं असं की राउटरचा १२ व्होल्टचा होता आणि त्याच्या पिनचं आतलं टोक पॉझिटिव्ह होतं, आमच्या मशीनला ९ व्होल्ट आणि आतलं टोक निगेटिव्ह लागतं. म्हणजे दोन्हीकडनं चूक. मिरजेत एक जुने टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत त्यांच्याकडं घेऊन गेलो, त्यांनी चार स्क्रू काढले, आतल्या पत्र्याला लावलेला तीन पायांचा एक काळा पार्ट दाखवला, ७८०५ म्हणतात त्याला, बाहेरनं आलेला करंट ५ व्होल्टवर आणतो. तोच मेला होता. पार्ट अगदी किरकोळ किमतीचा, त्यांनी बसवून दिला आणि वर "एवढं शिकून मशीनच्या बुडाला काय लिहिलंय ते वाचता येत नाही का?" हेपण ऐकवलं. बरोबरच होतं त्यांचं. मशीनच्या खाली किंवा पिनच्या भोकाशेजारी एक गोल, मधे टिंब आणि प्लस-मायनस अशी खूण असते, ती बघा, नसेल तर मल्टिमीटरवाल्याकडनं तपासून घ्या, मगच अडाप्टर घ्या.

कॅसेटचं. फुंकू नका. माहितीये, सगळे फुंकायचो, आणि फुंकल्यावर चालायचीपण, पण ती फुंकल्यामुळं नाही, काढून परत बसवल्यामुळं चालायची, पिना जरा इकडंतिकडं होऊन कॉन्टॅक्ट यायचा. तोंडातली वाफ पिनांवर बसून उलट गंज धरतो. कॅसेटच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडल्या असतील तर आधी पेन्सिलीचं साधं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा झटका, मग मोबाइल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानाच्या कापसाच्या काडीला लावून पुसा. काडी काळी निघते, दुसरी घ्या, पांढरी निघेपर्यंत. आमच्या सहापैकी चार चालल्या. एक "९९९९९९ इन १" लिहिलेली, तिच्यात मोजून बघितलं तर वेगवेगळे असे वीस-बावीसच गेम, बाकी तेच गेम दुसऱ्या लेव्हलपासून नाहीतर रंग बदलून. लहानपणी हे कळायचं पण कुणी बोलून दाखवायचं नाही.

टीव्हीला जोडताना पिवळी-पांढरी वायर असेल तर नवीन टीव्हीच्या एव्ही भोकात जाते, काही टीव्हींना त्यासाठी छोटा कन्व्हर्टर लागतो. नुसती अँटेनाची वायर असेल तर टीव्हीला अ‍ॅनालॉग चॅनेल शोधायला लावायचं, मशीन चालू ठेवून. चित्र येईल, पण गचाळ येईल. कारण ही मशीन जे चित्र पाठवते ते समजायला नवीन टीव्हीला जमत नाही, तो त्याला वेगळंच काहीतरी समजून चोळामोळा करतो आणि ह्या भानगडीत बटण दाबल्यापासून हिरो उडी मारेपर्यंत वेळपण खातो. जुना डबा टीव्ही कुणाच्या घरी पडून असेल तर तोच उत्तम. फक्त मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढला तरी आत हजारो व्होल्ट राहतात, हे मस्करीत सांगत नाहीये.

आणि बंदूक. बदकं मारायचा डक हंट, १९८४ चा, नवीन टीव्हीवर चालणारच नाही, कितीही खटपट करा. ट्रिगर ओढला की गेम क्षणभर पूर्ण स्क्रीन काळी करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर बघतो की काळ्यानंतर लगेच उजेड आला का. हे सगळं डब्या टीव्हीच्या उजेडावर आणि टायमिंगवर बेतलेलं आहे. एलईडी टीव्ही तेवढ्या वेळेत चित्रच दाखवत नाही. बल्बकडं बंदूक धरून चीटिंग करायचो तीसुद्धा ह्याच काळ्या स्क्रीनमुळं बऱ्याचदा पकडली जायची.

मशीन नसेल तर एमुलेटर

ऑनलाइन "दहा हजार गेम" वाली एचडीएमआयची काडी मिळते, दोन रिमोटसकट. मी घेतली. गेम ढीगभर आहेत, पण आमच्या काडीला बटण दाबल्यावर मारिओ विचार करून उडी मारायचा, खड्ड्यात पडल्यावर. पुतण्याला देऊन टाकली, त्याला काय फरक पडत नाही, त्यानं खरं खेळलेलंच नाही.

त्यापेक्षा रेट्रोआर्क टाका, हा एमुलेटर, म्हणजे फोनला नाहीतर लॅपटॉपला जुन्या मशीनची नक्कल करायला लावणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, अँड्रॉइडवर, लॅपटॉपवर, सगळीकडं चालतं, आयफोनवरपण, अ‍ॅपलनं २०२४ पासून एमुलेटरला परवानगी दिली. हे एक रिकामं कपाट आहे असं समजा, त्यात प्रत्येक मशीनसाठी वेगळा कप्पा टाकायचा, त्याला ते "कोर" म्हणतात. अँड्रॉइडवर किंवा लॅपटॉपवर ऑनलाइन अपडेटरमध्ये जाऊन कोर डाउनलोडर उघडा, निन्टेन्डो एनईएस शोधा आणि एफसीईयूएमएम किंवा नेस्टोपिया घ्या. मग लोड कंटेंट करून गेमची फाइल दाखवायची.

फाइल कुठनं आणायची हा प्रश्न सगळे विचारतात. एमुलेटर वापरण्यात काही गैर नाही, पण गेम कंपन्यांच्या मालकीचे आहेत, चाळीस वर्षं झाली म्हणून ते रस्त्यावर आले नाहीत. सरळ मार्ग असा की कंपन्यांनी जे जुने गेमचे संच परत काढलेत ते घ्यायचे, कोनामीनं २०१९ ला कॉन्ट्राचा, म्हणजे दोघांनी गोळ्या झाडत पळायच्या त्या गेमचा, संच काढलाय, लॅपटॉपवर चालतो. नाहीतर जुन्याच मशीनसाठी आजची पोरं नवीन गेम करतात ते घ्या. मायक्रो मेजेस म्हणून एक आहे २०१९ चा, चार जणांना एकत्र खेळता येतो आणि अख्खा गेम ४० केबीमध्ये बसवलाय, म्हणजे पहिल्या मारिओएवढ्याच जागेत. तुमच्या फोनमधला गुड मॉर्निंगचा एक फोटो ह्याच्यापेक्षा मोठा असतो. नोव्हा द स्क्विरल तर फुकट आणि ओपन सोर्स आहे, एमुलेटर नीट लागलाय का बघायला तोच पहिला टाकून बघा.

आता मेन गोष्ट: पूर्वीसारखं का वाटत नाही

फोनवर मारिओ लावला तेव्हा मला तो घाईत वाटला. हात मागं पडत होता, पहिल्याच कासवाला मेलो. म्हटलं म्हातारा झालो. नंतर कळलं की मारिओ खरंच जोरात पळत होता. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, आपला ५० दाखवायचा. हे गेम चित्राच्या तालावर चालतात, एक चित्र म्हणजे एक पाऊल असा हिशोब, त्यामुळं आपल्याकडच्या नकली मशीनवर सगळं साठाला पन्नास ह्या हिशोबानं हळू चालायचं. एमुलेटर मात्र गेम उघडला की आपोआप ६० लावतो. म्हणजे आपण सगळे लहानपणी हळू मारिओ खेळलो आणि तोच खरा समजत बसलो. गाण्याचा सूर जवळपास तोच राहतो, लय तेवढी धीमी. मिरज शेजारी असल्यामुळं एवढी विलंबित-द्रुतची भाषा आम्हाला कळते.

खात्री करायची असेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. मारिओच्या पहिल्या लेव्हलला वर टाइम ४०० पासून सुरू होतो, हे सेकंद नाहीत, दर २४ चित्रांना एक आकडा कमी होतो. मारिओला उभा करून ठेवा, जरा वर कडेला, किडा येऊन धडकणार नाही असा. ४०० पासून ३०० पर्यंत यायला ४० सेकंद लागले तर तुमचं ६० वर चालू आहे. ४८ लागले तर ५० वर, म्हणजे आपलं बालपण. माझ्या जुन्या मशीनवर मी हे केलं, ४८ आले, आणि त्या रात्री बायकोला उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया इथं देत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. गेम चालू असताना क्विक मेनूत कोर ऑप्शन्स उघडा, रीजन असं लिहिलेलं असेल, तिथं ऑटोच्या जागी डेंडी निवडा. डेंडी ही रशियात विकली जाणारी तसलीच नकली मशीन होती, आपल्यासारखीच ५० वाली. साधं पाल निवडू नका, ते युरोपच्या ओरिजिनल मशीनचं आहे, त्यात काही गेमांचं टायमिंग बिघडतं. बदललं की गेम बंद करून परत लावा आणि परत स्टॉपवॉच.

दुसरी गोष्ट चित्र. आठवणीतला मारिओ गोलमटोल असतो आणि फोनवर बघितला तर विटा रचल्यासारखा. गेम तोच आहे, २५६ बाय २४० ठिपक्यांचा, पण डब्या टीव्हीची काच ते ठिपके एकमेकांत मिसळवायची. रेट्रोआर्कमध्ये शेडर्स म्हणून भाग आहे, म्हणजे चित्रावर लावायचे फिल्टर, त्यात सीआरटी (म्हणजे डबा टीव्ही) नावाचे बरेच आहेत, साध्या फोनला हलका घ्या, झेडफास्ट सीआरटी चांगला आहे. आणि चित्राचं माप ४:३ ठेवा. पूर्ण स्क्रीन भरायच्या नादात लोक ताणतात आणि मारिओ लग्नातल्या आचाऱ्यासारखा रुंद होतो.

तिसरी गोष्ट लॅग, म्हणजे बटण दाबल्यावर होणारा उशीर. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, एवढ्यानंच निम्मं काम होतं, कारण टीव्ही चित्र सुंदर करत बसायचं बंद करतो. मग रेट्रोआर्कच्या लेटन्सीमध्ये रन-अहेड आहे, हा उशीर कमी करायची सोय, ते १ वर ठेवा, जास्त वाढवू नका, हिरो अडखळायला लागतो.

रिमोटचं फार लांबवत नाही. स्क्रीनवर बोट घासून कॉन्ट्रा होत नाही, विषय संपला. साधा वायरचा यूएसबी रिमोट घ्या, डाव्या बाजूला अधिकच्या आकाराचं बटण नीट कडक असलेला. आणि दोन घ्या, एक नाही.

नवीन गेम, जुन्या चवीचे

इथं माझं मत लय ठाम आहे. नुसतं चित्र चौकोनी केलं म्हणून जुना गेम होत नाही, दुकानात असले ढिगानं पडलेत. जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे ज्याला कळलं त्यानंच चांगला केलाय.

मारिओ, अ‍ॅडव्हेंचर आयलंड आवडत असेल तर शॉव्हल नाइट, २०१४ चा. त्या लोकांनी जुन्या मशीनचे नियम पाळले आणि जिथं त्रास होता तिथं मुद्दाम मोडले. जुन्या मशीनला एका आडव्या ओळीत आठच तुकडे दाखवता यायचे, जास्त शत्रू आले की ते लुकलुकायचे, आठवतंय का? ते इथं नाही. स्क्रीन रुंद केली, रंग मोजकेच जादा घेतले, बाकी बरंचसं तसंच.

सेलेस्ट, २०१८ चा, त्याहून अवघड, पण त्यात एक गंमत आहे. कड्यावरनं पाय सुटल्यावरसुद्धा क्षणभर उडीचं बटण चालतं. जुन्या गेममध्ये एका ठिपक्यानं चुकला की खड्ड्यात, इथं गेम गुपचूप सांभाळून घेतो आणि तुम्हाला वाटतं आपलाच हात तयार झालाय. आमच्यासारख्या चाळिशीला टेकलेल्यांना ही दया लागते.

कॉन्ट्रासाठी ब्लेझिंग क्रोम, २०१९. दोघांना शेजारी बसून खेळता येतो आणि एक गोळी लागली की खलास, अगदी तस्सा. कोनामीनं स्वतः २०२४ ला ऑपरेशन गालुगा काढला, पहिल्याच कॉन्ट्राची नवी मांडणी, मला चित्रं जरा प्लॅस्टिक वाटली पण खेळायला चांगला आहे.

मुस्तफावाल्यांनो, तुमचा गेम विकत मिळायचं अवघड आहे, तो एका कॉमिकच्या परवान्यावर केलेला होता आणि कॅपकॉमनं २०१८ ला मारामारीच्या सात गेमचा संच काढला त्यातसुद्धा हा नाही. त्याऐवजी स्ट्रीट्स ऑफ रेज ४, २०२० चा. नाहीतर निन्जा कासवांचा श्रेडर्स रिव्हेंज, २०२२ चा, सहा जण एकदम खेळू शकतात, सुट्टीला पोरं जमली की हाच लावायचा.

रोड फायटरच्या जवळ जाणारं होरायझन चेस, फोनवर २०१५ ला आलं, लॅपटॉपवर टर्बो नावानं, चौघांत स्क्रीन वाटून. टँकला मात्र तोड सापडली नाही, त्याच्यात स्वतःच्या विटा रचून लेव्हल करायची सोय १९८५ ला होती, म्हणून बॅटल सिटी आहे तोच खेळतो.

आणि एकच घ्यायचा असेल तर यूएफओ ५०, २०२४ चा. ऐंशीच्या दशकात एक कंपनी होती आणि तिनं पन्नास गेम काढले अशी कल्पना करून त्यांनी खरंच पन्नास वेगवेगळे गेम केलेत. वेगवेगळे म्हणजे खरंच वेगवेगळे, मी तपासलं, ९९९९९९ इन १ नं एकदा फसवल्यावर माणूस मोजतोच. ह्यातले बरेचसे ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवरपण चालतात, फक्त सेलची वाट बघा, पूर्ण किमतीला घाई करू नका.

दुसरा रिमोट

दादा पुण्याला असतो, मधे आला होता. जेवणं झाल्यावर मी काही न बोलता टीव्हीवर कॉन्ट्रा लावला आणि दुसरा रिमोट त्याच्या मांडीवर टाकला. भडंगाची पुडी मधे. त्यानं स्क्रीनकडं बघितलं आणि अंगठा आपोआप चालला, वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. दोघांसाठी मग सिलेक्ट, आणि स्टार्ट. तीस-तीस चान्स. हा कोड काढला तो काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी माणसानं, १९८६ ला ग्रॅडियस तपासताना, कारण तो गेम त्यालाच झेपत नव्हता. दादाला हे सांगायला लागलो तर म्हणाला, "गप बस, लाल एस मी घेणार." एस म्हणजे पसरून गोळ्या सुटणारी बंदूक.

तिसऱ्या स्टेजला धबधबा आहे, वर वर चढत जायचं. तिथं एक जण पुढं गेला की स्क्रीन वर सरकते आणि खाली राहिलेला मरतो, गोळी नाही काही नाही, नुसता स्क्रीनच्या बाहेर गेला म्हणून. पंचवीस वर्षांपूर्वी दादा तिथं मला न सांगता उड्या मारत वर जायचा आणि माझे चान्स संपवायचा, त्यावरनं आईनं दोघांना चोप दिलेला आहे. ह्यावेळी मी आधीच म्हटलं, दादा, थांब हं, मी आलो की मग चढ.

"हो रे, थांबतो की," म्हणाला.

सात चान्स गेले माझे तिथं.